पराभवाचे माप

इंग्रजी भाषेत प्रतिपक्षावर मिळविलेल्या जयाचे वर्णन करणारी जी क्रियापदे आणि जे वाक्प्रचार आज रूढ आहेत, त्यांची नुसती मोजदाद करावयाची म्हटले तरी एका लहानशा कोशाची सामग्री हाती येईल. लंडनच्या एखाद्या दैनिकाचे सोमवारचे क्रीडापृष्ठ उघडावे. आदल्या दोन दिवसांत झालेल्या फुटबॉलच्या सामन्यांच्या वृत्तान्तांत ‘जिंकला’ आणि ‘हरला’ या अर्थाचे दोन सरळ शब्द शोधूनच काढावे लागतात. एका संघाने दुसऱ्याला ‘थ्रॅश’ केलेले असते, तिसऱ्याने चौथ्याला ‘हॅमर’ केलेले असते, पाचव्याचा ‘राउट’ झालेला असतो, आणि सहावा केवळ ‘एज’ म्हणजे पात्याच्या धारेइतक्या अंतराने निसटलेला असतो. आपल्याकडील काही विचारवंत या शब्दसंपत्तीकडे पाहून इंग्रजांच्या अंगभूत हिंसकतेचे निदान करतात, तर काही तिच्या वैपुल्यानेच दिपून जातात. मला हे दोन्ही अभिप्राय उतावळे वाटतात. या शब्दांचा खरा गुण त्यांच्या मापात आहे. जय कोणत्या प्रतीचा होता, तो किती अंतराने व किती श्रमाने मिळाला, आणि हरलेल्याची अवस्था शेवटी काय होती, हे एकाच क्रियापदात सांगण्याची सोय त्या भाषेने आपल्या मैदानांवर, शर्यतींवर आणि आखाड्यांत दोन-तीनशे वर्षे खपून करून ठेवली आहे. आमच्या मराठी वृत्तपत्रांनी मात्र अलीकडे तिच्यातील आवेश तेवढा उचलला आणि माप तेथेच ठेवून दिले, अशी माझी तक्रार आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे ‘बीट’. मारणे आणि जिंकणे या दोन्ही क्रियांना त्या भाषेत हा एकच शब्द पुरतो, आणि त्यावरूनच हिंसकतेचा आरोप करणाऱ्यांना बळ मिळते. परंतु ‘बाजी मारली’, ‘मैदान मारले’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने तो आरोप फार ताणू नये हे बरे. ‘थ्रॅश’चीच गोष्ट घ्या. धान्याची मळणी करणे या अर्थाचा ‘थ्रेश’ आणि प्रतिपक्षाला बदडणे या अर्थाचा ‘थ्रॅश’ हे मूळचे एकच क्रियापद असून केवळ उच्चारभेदाने त्याची दोन घरे झाली. इकडे कोकणात आणि मावळात भाताचे भारे आपटून दाणा वेगळा करण्याच्या कामाला झोडणी म्हणतात, आणि आपले ‘झोडपून काढणे’ हे त्याच घराण्यातले आहे. दोन परस्परांपासून इतक्या दूरच्या शेतकरी समाजांनी एकाच खळ्यावरून एकच क्रियापद उचलावे, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. पण येथे महत्त्वाचे असे की झोडणी एका फटक्यात होत नाही. दाणा सगळा खाली येईपर्यंत ती चालते. म्हणून ‘थ्रॅश’ या शब्दात दीर्घकाळ चाललेल्या, एकतर्फी आणि शेवटपर्यंत नेलेल्या माराची कल्पना गर्भित आहे, आणि जो संघ शेवटच्या मिनिटाला एका गोलाने जिंकला त्याच्या बाबतीत जाणता इंग्रज लेखक हा शब्द वापरणार नाही.

‘ड्रब’ या शब्दाचा प्रवास याहूनही लांबचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पौर्वात्य देशांत हिंडून आलेल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात तो प्रथम दिसू लागतो, आणि तोही तळपायांवर छड्या मारण्याच्या तिकडील शिक्षेच्या संदर्भात. त्यामुळे बहुतेक कोशकार त्याचा संबंध प्रहार करणे या अर्थाच्या अरबी धातूशी जोडतात. हाच धातू फारशीच्या वाटेने आपल्या दफ्तरांतही आला. मोगली अंमलातील आणि पेशवाईतील नाण्यांवर टांकसाळीच्या नावाआधी जो ‘जर्ब’ असतो तो हाच, आणि मुलखावर ‘जरब बसविणे’ असे आपल्या जुन्या कारभाऱ्यांनी ज्याला म्हटले तीही हीच. एकाच प्रहाराचा इंग्रजाने पराभव केला आणि मराठ्याने दरारा केला. बुद्धिबळातही असाच एक सामाईक वारसा आहे. ‘शाह मात’ या फारशी उद्गाराचे जुन्या फ्रेंचमधून ‘चेकमेट’ झाले, आणि आपल्याकडे त्याचे शह, काटशह आणि मात असे तीन स्वतंत्र शब्द झाले. ‘संकटांवर मात केली’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पटावरील राजाला कोंडीत धरीत आहोत याची कल्पनाही नसते.

जाता जाता एक विक्षिप्तपणा नोंदवून ठेवतो. इंग्रजीत ‘बेस्ट’ म्हणजे सर्वोत्तम आणि ‘वर्स्ट’ म्हणजे निकृष्टतम, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण ही दोन विशेषणे क्रियापदे म्हणून वापरली की दोहोंचा अर्थ एकच होतो, तो म्हणजे पराभूत करणे. पहिल्यात जेत्याची बाजू दिसते, दुसऱ्यात जिताची, व्यवहार तोच.

मापाचा खरा अभ्यास करावयाचा तर घोड्यांच्या शर्यतीकडे जावे लागते. तेथे पैसा लागलेला असल्यामुळे शब्द सैल ठेवून चालत नाही. घोडा नाकाने जिंकला, डोक्याने जिंकला, मानेने जिंकला, की एका, दोन किंवा दहा ‘लेंग्थ’नी जिंकला, हे पंचाला जाहीर करावे लागते, आणि मुंबई-पुण्याच्या शर्यतींचे निकाल छापणारी आपली वृत्तपत्रेही तेवढ्या एका रकान्यात ही शिस्त मुकाट्याने पाळतात. ‘हँड्स डाउन’ जिंकणे हा आज इंग्रजीत सर्वत्र पसरलेला वाक्प्रचार तेथलाच: आपला घोडा इतका पुढे गेला आहे की त्याला आणखी हाकण्याचे कारण नाही, अशी खात्री झाल्यावर जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो. एखादा लेखक जेव्हा अमुक उमेदवार ‘हँड्स डाउन’ निवडून आला असे लिहितो, तेव्हा अंतराबरोबरच शेवटच्या टप्प्यात त्या उमेदवाराला श्रम करावे लागले नाहीत, असेही तो सांगत असतो. ‘वॉकओव्हर’ तर याहून सोपा. शर्यतीला दुसरा घोडाच उभा राहिला नाही म्हणजे उरलेल्या एकट्या घोड्याने नियमाप्रमाणे मार्गावरून नुसते चालत जावयाचे आणि बक्षीस घ्यावयाचे. आपल्या क्रीडावृत्तांत यासाठी ‘पुढे चाल’ असा नेमका आणि देखणा शब्द आहे. तरीही मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्याला वॉकओव्हर म्हणण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. म्हणजे, प्रतिस्पर्धी उभा राहिला, धडपडला, घाम गाळून हरला, आणि बातमीदाराने तो मैदानात आलाच नव्हता असे लिहून टाकले!

याच शर्यतींच्या इतिहासात ‘एक्लिप्स’ नावाच्या घोड्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १७६९ साली एप्सम येथे तो धावला, तेव्हा डेनिस ओकेली नावाच्या जुगारी गृहस्थाने पैज लावली की मी सर्व घोड्यांचे क्रमांक आधीच सांगतो: एक्लिप्स पहिला, बाकीचे कोठेच नाहीत. ही बढाई वाटते. पण ती नियमाच्या भाषेत केलेली बढाई होती. त्या काळी विजेता घोडा पोहोचला त्या वेळी जे घोडे २४० यार्डांहून अधिक मागे असत त्यांना क्रमांकच दिला जात नसे, आणि नोंदीत ते ‘कोठेच नाहीत’ असेच गणले जात. ओकेलीने पैज जिंकली. आज इंग्रजीत एखादा स्पर्धेत ‘नोव्हेअर’ होता असे म्हणतात, ते अतिशयोक्तीने म्हणत असले तरी तिच्या मुळाशी मोजलेले २४० यार्ड आहेत.

मुष्टियुद्धाकडे आले म्हणजे या चर्चेला निराळेच वळण लागते. तेथील शब्दांनी अंतराबरोबर न्यायही मोजला. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने १७४३ साली आपल्या आखाड्यासाठी जे नियम केले, त्यांत खाली पडलेल्यावर प्रहार करू नये आणि कमरेखाली धरू नये अशी दोन बंधने होती. पडलेल्याला अर्ध्या मिनिटाची मुदत मिळे, आणि तेवढ्यात त्याला पुन्हा आखलेल्या जागी येऊन उभे राहावे लागे. जमिनीवरच्या त्या रेघेला ‘स्क्रॅच’ म्हणत. जो उठून रेघेपर्यंत येऊ शकला नाही तो हरला, असा तो सरळ हिशेब. पुढे क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि दहा अंकांची गणती आणली. ‘बिलो द बेल्ट’, ‘ऑन द रोप्स’, ‘डाउन फॉर द काउंट’, ‘थ्रो इन द टॉवेल’ ही आज राजकारणापासून नाट्यसमीक्षेपर्यंत सर्वत्र भेटणारी मंडळी याच दोरांच्या चौकटीत जन्मली. त्यांचा एक समान धर्म असा की त्या प्रत्येकीत हरणारा माणूस दिसत राहतो. दोरांना पाठ टेकलेला, गुडघ्यावर आलेला, किंवा त्याच्या बाजूच्या माणसाने दया येऊन टॉवेल फेकला म्हणून आणखी मारातून वाचलेला, असा तो कोणी एक जिवंत मनुष्य असतो. आणि जिंकणाऱ्याने काय करू नये हेही त्या शब्दांतच सांगून ठेवलेले असते.

या आखाड्याच्या भाषेला वृत्तपत्रात आणण्याचे श्रेय पियर्स ईगन या पत्रकाराकडे जाते. १८१२ पासून त्याने ‘बॉक्सियाना’ या नावाने मुष्टियुद्धांच्या हकीकती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि नाकातून आलेल्या रक्ताला ‘क्लॅरेट’ म्हणजे तांबडी मदिरा म्हणण्यापर्यंत त्या आखाड्यातली सगळी बोली छापखान्यात आणली. ग्राम्य शब्दांच्या एका जुन्या कोशाची १८२३ ची आवृत्तीही त्यानेच संपादिली. परंतु या विषयावरील सर्वांत सुंदर इंग्रजी लेखन मात्र विल्यम हॅझलिट या निबंधकाराचे. डिसेंबर १८२१ मध्ये हंगरफर्ड गावाजवळ बिल नीट आणि ‘गॅसमन’ या टोपणनावाचा टॉम हिकमन यांच्यात झालेल्या झुंजीवर त्याने जो निबंध लिहिला, त्यात हिकमनच्या झुंजीपूर्वीच्या बढाईखोरपणाला तो नाव ठेवतो. आणि तोच हिकमन भयंकर मार खाऊन बेशुद्ध पडल्यावर शुद्धीवर येतो, आपण कोठे आहोत असे विचारतो, तेव्हा जवळचा माणूस त्याला सांगतो की तू लढत हरलास, पण तुझ्याइतका धीराचा माणूस आज जगात नाही. पराभवाची बातमी आणि पराभूताचा गौरव एकाच वाक्यात देता येतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपल्या मातीतील कुस्तीची परिभाषा या बाबतीत कोणापेक्षा उणी नाही. दोन्ही खांदे मातीला लागले म्हणजे चीत. त्याखेरीज कुस्ती निकाली नाही. ‘अस्मान दाखविणे’ हा अलंकार नसून उताण्या पडलेल्या मल्लाला जे दिसते त्याचे सरळ कथन आहे, आणि ‘पाठीला माती लागणे’ यात तर पुराव्याचाच उल्लेख आहे: उठलेल्या मल्लाची पाठ पाहून कोणीही निवाडा करावा. कोल्हापुरास शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानात बसून कुस्त्या पाहिलेल्या जुन्या शौकिनांच्या बोलण्यात पट, ढाक, घिस्सा, कलाजंग असे डावाचे नाव आल्याशिवाय निकाल सांगितला जात नसे. कोणी कोणास पाडले यापेक्षा कशाने पाडले याची चौकशी आधी. कुस्ती बरोबरीत सोडविली, ही गोष्टही तेथे कमीपणाची नव्हे. आणि ठरवून केलेल्या खोट्या लढतीलाही त्या बोलीत ‘नूरा कुस्ती’ असे स्वतंत्र नाव आहे, म्हणजे फसवणुकीचे सुद्धा वर्गीकरण झालेले! एवढी काटेकोर परिभाषा वारसाहक्काने मिळालेली असताना ‘चारी मुंड्या चीत’ हा प्रयोग आज टेनिसपासून ग्रामपंचायतीपर्यंत कोणत्याही निकालाला लावला जातो, अगदी गुणांवर, एखाद्या गुणाच्या फरकाने मिळालेल्या जयालाही, तेव्हा ज्याच्या पाठीला माती लागलीच नाही अशा मनुष्याविषयी आपण उघडउघड खोटी साक्ष देत असतो.

मूळ जागा सोडून शब्द बाहेर पडले की त्यांचे माप सुटते, आणि ही व्याधी इंग्रजीलाही आहे. ‘डेसिमेट’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. रोमन सैन्यात बंडखोर किंवा पळपुट्या तुकडीतील दर दहांतून एकाला चिठ्ठी टाकून ठार करण्याची जी शिक्षा होती तिचे ते नाव. म्हणजे ती शत्रूची नव्हे, स्वतःच्या सैनिकांची शिक्षा, आणि नऊ जण त्यातून जिवंत राहत. आजच्या इंग्रजी बातमीत मात्र ‘डेसिमेट’ झालेल्या संघाचे काहीच उरलेले नसते. तथापि या सर्वांत मला सर्वाधिक सलणारा शब्द आहे ‘व्हाइटवॉश’, कारण तो मराठी मथळ्यांत जसाच्या तसा येऊन स्थायिक झाला आहे. मालिकेतील सर्व सामने एकाच बाजूने जिंकले म्हणजे व्हाइटवॉश. १९८४ साली वेस्ट इंडीजने इंग्लंडला इंग्लंडमध्येच पाचही कसोटी सामन्यांत हरविले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी त्याचे ‘ब्लॅकवॉश’ करून त्या शब्दाच्या रंगाची जी थट्टा केली ती मार्मिक होती. पण मूळ शब्दाचा दोष तिने जात नाही. चुन्याच्या हाताने भिंतीवरचे सगळे डाग सारखेच झाकले जातात, आणि म्हणूनच चुका दडपून टाकणे असाही त्या शब्दाचा दुसरा अर्थ इंग्रजीत आहे.

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच तीनही कसोटी सामन्यांत हरविले, आणि मायदेशी तीन सामन्यांच्या मालिकेत असा प्रसंग आपल्यावर प्रथमच आला. तीन पराभवांना एकच चुन्याचा हात फिरला. परंतु ते पराभव एका जातीचे होते काय? बंगळूरला आपला पहिला डाव ४६ धावांत आटोपला आणि सामना ८ गडी राखून गेला. हे धूळधाणीचे प्रकरण होते. पुण्यास मिचेल सँटनरने दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले, ११३ धावांनी आपण हरलो, आणि मायदेशातील १८ लागोपाठच्या मालिकाविजयांची परंपरा त्या दिवशी तुटली. येथे एका गोलंदाजाच्या कसबाने आपल्याला जेरीस आणले. मुंबईस वानखेडेवर मात्र पहिल्या डावात आघाडी आपली होती, जिंकण्यास १४७ धावा हव्या होत्या, ऋषभ पंतने ६४ काढल्या होत्या, आणि १२१ वर डाव संपून आपण अवघ्या २५ धावांनी हरलो. त्या सामन्यात ११ गडी टिपणारा एजाज पटेल हा पुन्हा मुंबईतच जन्मलेला. पहिल्याला दाणादाण म्हणावे, दुसऱ्याला सरळ पराभव म्हणावे, तिसऱ्याला निसटती हार म्हणावे. तिन्ही शब्द मराठीत तयार आहेत, तिन्ही सर्वांना कळतात, आणि तरीही तिघांना मिळून एक परका शब्द लावून आपण तिसऱ्या सामन्यातील चुरस वाचकापासून दडवून ठेवली.

रेडिओवर क्रिकेटचे समालोचन मराठीत करणारे बाळ ज. पंडित आणि मराठी दैनिकात क्रीडेला स्वतःचे पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांच्या पिढीने परकी परिभाषा मराठीत मुरविण्याचे कष्ट घेतले होते. श्रोत्याला मैदान दिसत नसे, म्हणून शब्दांनाच ते दाखवावे लागे. आता चित्र समोर असते आणि शब्दावर ते काम उरलेले नाही. मग त्याने निदान आरडाओरडा तरी करावा, असे कोणाला वाटत असल्यास त्याची मनोवृत्ती मी समजू शकतो, समर्थन करू शकत नाही.

राजकारणात हा प्रश्न नुसत्या अभिरुचीचा राहत नाही. अमेरिकेच्या निवडणुकांतून आलेला ‘लँडस्लाइड’ म्हणजे दरड कोसळणे हा शब्द जागांची संख्या पाहतो, मतांची पाहत नाही. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला ६५० पैकी ४०० हून अधिक जागा मिळाल्या, आणि मते पडली होती ३४ टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडे १९८४ च्या लोकसभेत काँग्रेसने ४०० चा आकडा ओलांडला तेव्हाही देशातील निम्म्याहून अधिक मते तिच्या बाहेरच होती. दरड कोसळली हे खरे. पण डोंगर जागेवर होता. असे असूनही इंग्रजी राजकीय परिभाषेच्या एका गुणाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, तो म्हणजे तेथे हरणारा स्वतःच स्वतःला कडक शब्द लावू शकतो. २००६ च्या मध्यावधी निवडणुकांत आपल्या पक्षाने अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला ‘थंपिंग’ म्हणजे धोपटणे म्हटले, आणि २०१० साली तशीच पाळी आल्यावर बराक ओबामांनी ‘शेलॅकिंग’ हा शब्द योजिला. हे ‘शेलॅक’ म्हणजे आपली लाख: हिंदुस्थानातील जंगलांतून गोळा होऊन जहाजांनी पश्चिमेस जाणारी, लाकडाला शेवटचा हात देण्याची. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहातून ती निघाली ती थेट व्हाइट हाउसातील वार्ताहर परिषदेत पोहोचली, असे कोणी गमतीने म्हणावे. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाचाही इंग्रजीत ‘जगरनॉट’ होऊन तो वाटेत येईल त्याला चिरडणाऱ्या संघाचे वा पक्षाचे विशेषण झाला. त्या रथाखाली भाविक स्वतःला झोकून देतात अशा युरोपीय प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या रंगविलेल्या वर्णनांतून त्याला हा अर्थ चिकटला, आणि देवाच्या यात्रेवर हा अन्यायच झाला. पण मुद्दा असा की आपल्याकडे पराभूत पुढाऱ्याच्या तोंडी ‘आम्हाला लोकांनी झोडपले’ असे वाक्य मी ऐकलेले नाही. तो ‘आत्मचिंतन’ करतो. तिखट शब्द सगळे दुसऱ्याच्या पराभवासाठी राखून ठेवलेले असतात.

रणांगणांच्या नावांनी होणारा घोटाळा तर दोन्ही भाषांत सारखाच आहे. इंग्रजीत कायमच्या नाशाला ‘वॉटर्लू’ म्हणतात, मराठीत ‘पानिपत’. १८ जून १८१५ ची लढाई जिंकणाऱ्या वेलिंग्टनने स्वतः नंतर सांगितले होते की इतका अटीतटीचा मामला तुम्ही पाहिला नसेल. ब्ल्यूखरची प्रशियन फौज सायंकाळी येऊन मिळाली नसती तर इतिहास निराळा झाला असता, असे मानणारे लष्करी अभ्यासक आजही आहेत. ज्या लढाईचा जेताच ती निसटती होती अशी जबानी देतो, तिचे नाव आज चिरडून टाकणाऱ्या पराभवाला लावले जाते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले त्याचे दुःख कमी लेखण्याचे धाडस कोणी करणार नाही. एक सबंध पिढी तेथे कापली गेली. परंतु ‘निवडणुकीत अमुक पक्षाचे पानिपत झाले’ असे लिहिणारा लेखक ज्याला शेवट समजतो, तो शेवट नव्हता. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, दहाच वर्षांनी, १७७१ साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, आणि महादजी शिंद्यांच्या पाठबळावर बादशहा शहा आलम १७७२ च्या आरंभी आपल्या राजधानीत परतला. पानिपत जिंकणाऱ्या अब्दालीला मात्र उत्तरेत आपली सत्ता रुजविता आली नाही. इ. स. पू. २७९ मध्ये ॲस्क्युलमच्या रणांगणावर रोमनांना हरवून आपलेच सैन्य गमावून बसलेल्या पिऱ्हस राजाच्या नावाने इंग्रजीत ‘पिऱ्हिक व्हिक्टरी’ असा निराळा शब्द आहे. अब्दालीच्या पदरात जे पडले ते त्याच्याच जवळपासचे. आपल्या वाक्प्रचाराने १७६१ ध्यानात ठेवले आणि १७७१ विसरून टाकले, आणि त्याबरोबर मराठ्यांचा जो खरा पराक्रम, पडून उठण्याचा, तोही.

लोकशाहीत पडलेल्याने उठावे अशी व्यवस्थाच केलेली असते. १८२६ साली जॉन कॅम हॉबहाउसने ब्रिटिश पार्लमेंटात थट्टेच्या सुरात ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असा शब्द काढला, सभागृह हसले, आणि शब्द टिकला. १९३७ साली विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वर्षाला २००० पौंडांचे वेतन देण्याचा कायदाही तेथे झाला. आपल्या संसदेने १९७७ साली तसाच कायदा करून हरलेल्या पक्षाच्या नेत्याला वेतन आणि भत्ते बांधून दिले. राज्यव्यवस्था ज्याला तनखा देऊन जागेवर ठेवते, त्याचा मतमोजणीच्या संध्याकाळी आपण ‘सफाया’ करतो, त्याला ‘नेस्तनाबूत’ करतो, ‘जमीनदोस्त’ करतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य सभागृहात उभा राहून प्रश्न विचारू लागला म्हणजे वाचकाला वाटते, हा कोठून आला? नेस्तनाबूत या फारशी शब्दाचा अर्थ ‘नाही आणि नव्हता’ असा आहे. इतके मोठे विधान तालुक्याच्या निकालावर करू नये.

कायद्याने स्वतः जे माप दिले आहे, तेवढे तरी पाळण्यास हरकत नसावी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे झालेल्या वैध मतांपैकी एक षष्ठांशाहून अधिक मते ज्याला मिळाली नाहीत, अशा पराभूत उमेदवाराची अनामत रक्कम सरकारजमा होते. ब्रिटनमध्ये १९१८ साली हीच पद्धत सुरू झाली तेव्हा तेथे प्रमाण एक अष्टमांश होते. ‘अनामत जप्त’ हा आपल्या निवडणुकीच्या परिभाषेतील एकमेव असा शब्द की ज्याच्या पोटात अपूर्णांक आहे, आणि दारुण, मानहानिकारक, लाजिरवाणा ही विशेषणे वापरावयाचीच असतील तर ती त्या अपूर्णांकाच्या खाली राहिलेल्यांसाठी शिल्लक ठेवावीत. वर राहिलेल्यांसाठी हरला, थोडक्यात हरला, बऱ्याच मतांनी हरला, हे मराठी पुरेसे आहे. दहापैकी चार मतदारांची मते घेऊन पडलेल्या उमेदवाराला ‘भुईसपाट’ म्हणणाऱ्या मथळ्याच्या खाली, त्याच पानावर, मतांचा तक्ता छापलेला असतो, आणि बेरीज-वजाबाकी येणारा वाचक तो वाचतो.